हौदावरचा पाटा

ही गोष्ट खरी आहे. यातला एकही आकडा मी वाढवून सांगितलेला नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. मोजल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. तरीही त्या पहाटे जे घडलं, ते मला अजून नीट मांडता आलेलं नाही.

गेल्या वर्षी, फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. पाच वाजून वीस मिनिटं. सोलापूर, अशोक चौकामागची आमची गल्ली.

माझ्या सासूबाई, कमलम्मा, गेल्यावर आमचा खालचा मजला रिकामा झाला. मी आणि माझा नवरा मल्लिनाथ वर राहतो. अक्कलकोटला दर्शनाला जाणारे बरेच लोक सोलापुरात मुक्काम करतात, म्हणून खालच्या दोन खोल्या आम्ही बुकिंगच्या साइटवर टाकल्या. पडदे बदलले. मल्लिनाथनं त्याच्या कारखान्यातून नवे टॉवेल आणले. फोटो मी काढले.

मागच्या अंगणात जमिनीतला हौद आहे. आमच्याकडे पाणी चार दिवसांआड येतं, हौदाशिवाय चालत नाही. त्याच्या पत्र्याच्या झाकणावर मसाला वाटायचा जुना, जड पाटा असायचा. पाणी भरून झालं की सासूबाई तो स्वतः परत ठेवायच्या. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायच्या नाहीत.

फोटोत तो पाटा बरा दिसत नव्हता.

आम्ही दोघांनी उचलून तो भिंतीशी ठेवला. झाकणाला कडी करून घेऊ, असं ठरलं. ते राहून गेलं.

पहिल्या पाहुण्यांनी जाताना विचारलं, पहाटे मागे काय ओढत होता? आम्ही काहीच ओढत नव्हतो. अंगणात जाऊन बघितलं तर... पाटा भिंतीपासून सुटला होता. फरशीवर पांढरा ओरखडा.

मला वाटलं मायाक्का. ती शेजारी राहते, खोल्यांची सफाई करते. विचारलं तर म्हणाली, "मी कशाला सरकवू की बाई? हितं बादली उचलंना झालीय."

मग मी खडूने खुणा करायला लागले. टेपने मोजायला लागले. हौदापासून नऊ फूट. मग सात. पुढचे तीन मुक्काम काहीच नाही. मग एकदम साडेचार.

बुकिंगच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा लक्षात आलं...

ज्या मुक्कामात लहान मूल होतं, तेव्हाच पाटा सरकला होता.

मायाक्काला हे सांगितलं. फरशी पुसता पुसता ती खालीच बघत म्हणाली, "मल्लिनाथच्या आदी एक पोरगी व्हती कमलम्माला. सहा वर्साची. पाणी भरताना झाकण उघडं राह्यलं. तवापासनं पाटा हाय तितं."

मल्लिनाथला इतकंच माहीत होतं, की एक बहीण तापाने गेली.

कडी बसवणाऱ्याला मी लगेच फोन केला. सोमवारी येतो म्हणाला. पाटा मला एकटीला उचलेना आणि मल्लिनाथ रात्रपाळीला होता.

त्याच शुक्रवारी इफ्रा आली. पुण्याची. माहेरी लग्न होतं, घर पाहुण्यांनी भरलेलं, म्हणून तिने आमच्या खोल्या घेतल्या. नवरा लग्नघरी थांबला होता. बरोबर फक्त चार वर्षांची जोया. मागचं दार अजिबात उघडू नका, असं मी दोनदा बजावलं. इफ्रा हसली.

"ताई, ही झोपेतसुद्धा पळते. मी वरची कडी लावते."

पाच वीसला आवाज आला. दगड फरशीवर ओढल्याचा...

या वेळी तो थांबला नाही. मग पत्र्यावर काहीतरी जड आदळलं.

मी धावत खाली गेले. मागचं दार उघडं होतं.

पाटा झाकणावर होता. बरोबर मधोमध.

आधी मला हायसं वाटलं. हे मी लपवत नाही.

मग मागून इफ्राने विचारलं, "ताई, जोया वर आलीय का?"

आम्ही दोघी त्या पाट्याकडे बघत राहिलो.

कसा ढकलला, आठवत नाही. इफ्राचं नख उलटलं होतं. झाकण उचलून मी मोबाईलचा उजेड आत धरला.

कुणीही नव्हतं. पाणी यायचा दिवस उद्याचा. तळाला बोटभर पाणी.

"अम्मी..."

जोया आमच्या मागे होती. धुण्याच्या दगडाआड उकिडवी बसलेली. नखशिखांत भिजलेली. केसांतून पाणी ठिबकत होतं.

बोटभर पाण्यात केस असे भिजत नाहीत.

इफ्राने तिला छातीशी धरलं आणि कुठे होतीस, कुठे होतीस, एवढंच विचारत राहिली. जोया रडत नव्हती. आत पडले, म्हणाली. हिरव्या बांगड्यांच्या आंटीने वर काढलं.

सासूबाईंच्या हातात मी कधी बांगड्या बघितल्या नाहीत. माझ्या लग्नाआधीच सासरे गेले होते.

मग जोयाने उघड्या हौदाकडे बघितलं. अगदी हळू म्हणाली,

"आतल्या ताईला नाही काढलं. झाकण लावा ना... ती पण वर येईल."

मी झाकण लावलं. घड्याळ बघितलं. पाच सदतीस. हौद साधारण अकरा मिनिटं उघडा होता.

इफ्रा उजाडताच गेली. साइटवर तिने एक शब्दही लिहिला नाही. खोल्या मी साइटवरून काढून टाकल्या. सोमवारी कडी बसली, कुलूप लागलं.

मे महिन्यात माझ्या भावाची दोन मुलं राहायला आली. खात्री करायची म्हणून आम्ही दोघांनी पाटा मुद्दाम भिंतीशी ठेवला. मी खूण केली. चार पहाटा मोजलं. तो सूतभरही हलला नाही.

संपलं, असं मी मल्लिनाथला सांगितलंही.

निघायच्या दिवशी धाकटा बूट घालता घालता म्हणाला, "आत्या, जिन्यात बसते ती ताई कुणाची?"

आमचा जिना घराच्या आतून आहे.

तेव्हापासून रोज सकाळी जिन्याच्या पायऱ्यांवरून हात फिरवते. एकूण चौदा आहेत. सगळ्या कोरड्या असतात...

तिसरी सोडून.