पहिली पाणी

रेल्वेच्या संपात माझ्या नवऱ्याची, पुंजारामची, मनमाडची नोकरी गेली ते चौऱ्याहत्तर साल. क्वार्टर सोडावं लागलं. एक ट्रंक, एक कंदील आणि आमची लता एवढं घेऊन आम्ही नाशिकला माझ्या भावाच्या खोलीत आलो. भाऊ म्हणाला, "टाकळीच्या रस्त्याला ख्रिश्चनांची नवी शाळा निघतेय. पाणी भरायला बाई पाहिजे."

"पाणी भरायला? आपल्याला कोण ठेवील?"

"जाऊन तर बघ. नाही म्हणाले तर परत ये. रस्ता काय हलत नाही."

नाशकातल्या द्वारका चौकाच्या पुढे तेव्हा वस्ती विरळ होती. दोन्ही बाजूंना शेवंतीचे आणि कोबीचे मळे. शाळा म्हणजे पत्र्याची लांब शेड, पुढे पडवी, मागे विहीर. पडवीच्या टोकाला ओट्यावर मोठा रांजण होता आणि पांढऱ्या झग्यातली एक गोरी बाई कमरेपर्यंत आत वाकून तो घासत होती. बाहेर आली तेव्हा तिच्या नाकाला माती लागलेली. ह्याच सिस्टर पिलार. स्पेन देशातून आलेल्या, शाळेच्या मोठ्या बाई. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या होत्या.

त्यांनी मला विहिरीचं पाणी दाखवलं. "ही पाणी चांगली आहे काय?"

"पाणी चांगलं आहे, शिष्टर."

"चांगलं," त्या म्हणाल्या. पण ती चूक त्यांची शेवटपर्यंत सुटली नाही. नदी आली, वाणी आली, तशी त्यांची पाणीही आली.

मी आधीच सांगून टाकलं. "शिष्टर, आम्ही बौद्ध. माझ्या हातचं पाणी सगळी पोरं पितील का, ते विचारून घ्या."

"तुम्ही आजारी आहात?"

"नाही."

"मग?"

शाळेत एकच रांजण राहील आणि तो सुलाबाई, म्हणजे मी, भरीन, हे त्या दिवशी ठरलं.

जूनमध्ये पाचवीचा वर्ग सुरू झाला. मळेवाल्यांची मुलं, आमच्या वस्तीतली मुलं, सुरगाण्याकडची बोर्डिंगात राहणारी मुलं, सगळी एका चटईवर. पहिल्याच आठवड्यात काही मुलं घरून बाटलीत पाणी घेऊन आली. सिस्टर कोणाला रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळी मुलं पडवीसमोर उभी असताना त्यांनी मला बोलावलं. मी लांब दांड्याच्या ओगराळ्याने रांजणातलं पाणी काढून त्यांच्या पितळी पेल्यात ओतलं. सिस्टर डावखुऱ्या. पेला डाव्या हातात धरून त्यांनी सगळ्यांसमोर एका दमात रिकामा केला आणि रांजणाच्या डाव्या बाजूला पालथा घातला. मुलं ओरडली, "गुड मॉर्निंग, सिस्टर!" मग घंटा.

त्याला त्या म्हणायच्या, "पहिली पाणी." तीच शाळेची रीत झाली. पहिली पाणी झाल्याशिवाय घंटा नाही. बाटल्या हळूहळू बंद झाल्या. धर्माचा उपदेश मी त्या शाळेत फारसा ऐकला नाही. पण सिस्टर संडास स्वतः धुवायच्या, आणि पाळी आली की मळेवाल्याच्या मुलालाही धुवावा लागायचा. उशिरा येणाऱ्या मुलाला फाटक कधी बंद नसायचं. मलाही उशीरच झाला होता. मधल्या सुट्टीत सिस्टर मला पाटीवर अक्षरं गिरवायला लावायच्या. मी 'स' काढला की त्या म्हणायच्या, "पोट मोठं झालं. उपास करायला सांग त्याला." आज हे लिहिते आहे ते त्या पाटीच्या जोरावर.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सिस्टर संध्याकाळी निघताना म्हणायच्या, "सुलाबाई, मी जाते." मला ते कानाला टोचायचं. एकदा म्हटलं, "शिष्टर, जाते म्हणू नये. येते म्हणावं."

"पण मी तर जाते आहे. खोटं कसं बोलू?"

"खोटं कसलं? जाते म्हटलं म्हणजे माणूस गेलाच. येते म्हटलं की परत येतो."

त्या विचारात पडल्या. "म्हणजे तो शब्द दिला. येते म्हटलं की यावं लागेल."

"तसं समजा."

तसंच त्यांनी समजलं, अगदी कोर्टातल्यासारखं. दुसऱ्या दिवशी यायच्या असतील तर "येते". सुट्टी असेल, नाहीतर मुंबईला मीटिंग असेल, तर "जाते". शिक्षक हसायचे. पण आम्हाला त्यावरून कळायचं, उद्या सिस्टर आहेत की नाहीत.

शाळा वर्षाला एक वर्ग वाढत गेली. ऐंशी साली दहावीची पहिली तुकडी परीक्षेला बसली. तिच्यात आमची लता होती. ती पास झाली त्या दिवशी पुंजारामने साऱ्या वस्तीत गूळ वाटला.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात सिस्टर आजारी पडल्या. झगा अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबायचा. मे महिन्यात त्यांना उपचारासाठी मुंबईला न्यायला टॅक्सी आली. आम्ही सगळे फाटकाशी उभे होतो. त्या टॅक्सीत बसल्या, काच खाली केली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. काय म्हणणार, इकडे सगळ्यांचे कान.

"सुलाबाई," त्या म्हणाल्या, "येते."

"या," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा सिस्टर आल्या नव्हत्या. वत्सलाबाई शाळेचा कारभार बघू लागल्या. गणिताच्या शिक्षिका, स्वभावाने चांगल्या, पण भित्र्या. त्यांच्या वेळी पहिल्या पाण्याची रीत राहून गेली. "सिस्टर आल्या की करू," त्या म्हणाल्या. पेला कपाटात गेला.

जुलैत एक दिवस चिमाजीराव आले. द्वारकेला त्यांचे ट्रक होते आणि शाळेच्या नव्या इमारतीचा दगड त्यांच्याच ट्रकमधून यायचा होता. त्यांची मुलगी मंदा त्या वर्षी पाचवीत आली होती. मी बाहेर पडवी पुसत होते. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"माझं काही नाही हो बाई. मी हॉटेलात कुठेही जेवतो. पण घरी म्हातारी आहे, ती पोरीला विचारते, पाणी कोण भरतं म्हणून."

"पण सिस्टरांचा नियम आहे..."

"सिस्टर आहेत का इथे? मी काय तिला कामावरून काढा म्हणतोय का? झाडांना पाणी घालू द्या की तिला. तेही पाणीच."

ते हसले. वत्सलाबाई हसल्या नाहीत. पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्यापासून थोडे दिवस तुम्ही बागेत बघा. रांजण भागीबाई भरील. शुक्रवारी चिमाजीराव बघायला येणार आहेत." भागीबाई म्हणजे बोर्डिंगात स्वयंपाक करणारी.

मी घरी गेले. पुंजाराम म्हणाला, "सोड ते काम." मी म्हटलं, "काम सोडलं तर त्यांचं म्हणणं खरं होईल." सात वर्षं मी त्या रांजणाशी ताठ उभी राहिले होते. पोरं त्यातलं पाणी पीत होती म्हणून मी सुलाबाई होते. तो हातातून गेला तर मी पुन्हा कोण होणार, ते मला माहीत होतं.

आमच्या घरी दीक्षेपासून देव्हारा नाही, अंगात येणं नाही, भूतखेत नाही. पुढचं वाचताना एवढं ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी, मी बागेत खुरपत होते. भागीबाई तणतणत आली.

"बागेत काम दिलं तरी रांजण भरून ठेवलास व्हय गं? मंग मला कशाला झोपेतनं उठवलं?"

"मी नाही भरला."

"मंग काय तो आपला आपण भरला?"

मी जाऊन पाहिलं. रांजण काठोकाठ भरलेला. बाहेरून नुकताच घासलेला, ओल्या मातीचा वास येत होता. पाऊस दोन दिवस नव्हता. विहिरीवर गेले. दोर कोरडा. बादली पालथी, तिच्या बुडाखाली मुंग्यांनी अंडी आणून ठेवलेली. ती बादली कोणी हलवली नव्हती.

वत्सलाबाईंना वाटलं, मीच हट्टाने भरला. त्या रागावल्या नाहीत, पण गुरुवारी पहाटे स्वतः पडवीत येऊन बसल्या. मी फाटकातून आत शिरले तेव्हा त्या रांजणासमोर उभ्या होत्या. रांजण भरलेला होता. पाणी अजून हलत होतं.

"तुम्ही आत्ता येताय?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच."

त्यांनी रांजणाच्या डाव्या बाजूला बोट दाखवलं. तिथे सिस्टरांचा पितळी पेला पालथा घातलेला होता.

"हा माझ्या कपाटात होता," त्या म्हणाल्या. "किल्ली माझ्या कमरेला आहे."

मी पेला उचलला. आतून ओला होता.

भागीबाईने रांजणाला हात लावायचं नाकारलं. "मला नाय जमायचं बाई. ज्याचा हाय त्याला भरू द्या."

शुक्रवारी आभाळ भरून आलं होतं. चिमाजीराव टोपी सारखी करत पडवीत उभे राहिले. मुलं समोर रांगेत. वत्सलाबाईंनी मला मागे, खांबाशी थांबायला सांगितलं होतं. रांजण त्याही सकाळी भरलेलाच होता. प्रार्थना संपली. भागीबाई घंटेकडे निघाली.

तेवढ्यात मुलं ओरडली.

"गुड मॉर्निंग, सिस्टर!"

सगळी. एका सुरात. पडवीच्या टोकाकडे, रांजणाकडे बघून.

मोठ्या वर्गांचं समजू शकतं, सवय. पण पाचवीच्या रांगेनेही तेच म्हटलं. त्या मुलांनी सिस्टरांना कधी पाहिलंच नव्हतं.

घंटा वाजली नाही. भागीबाईचा हात तसाच वर राहिला.

चिमाजीराव पुढे झाले. "मंदे, कोणाला म्हणालीस गं?"

"त्या बाईंना."

"कोणत्या बाई?"

पोरीने रांजणाकडे हात केला. तिथे कोणी नव्हतं. ओला ओटा होता.

"त्या पेला धरून उभ्या आहेत. म्हणतात, अजून पहिली पाणी झाली नाही."

चिमाजीरावांच्या तोंडून सवयीने निघालं, "पहिलं पाणी म्हणावं."

"त्या 'पहिली'च म्हणाल्या," मंदा म्हणाली.

वत्सलाबाई वळल्या, आणि त्यांचा आवाज मी एवढा मोठा कधी ऐकला नव्हता.

"सुलाबाई, पुढे या. पाणी द्या."

मी ओगराळं घेतलं. पेला डाव्या बाजूला होता. तो वत्सलाबाईंनी धरला, मी ओतलं. सगळ्या शाळेसमोर त्या शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या.

मग चिमाजीराव आले. पेला वत्सलाबाईंच्या हातात होता, म्हणून त्यांनी वाकून ओंजळ धरली. मी वरून पाणी सोडलं. माझ्या सासऱ्यांनी गावच्या विहिरीशी अशीच ओंजळ धरून जन्म काढला होता. चिमाजीराव ओंजळ रिकामी होईपर्यंत प्यायले.

घंटा वाजली.

दुपारी चर्चचे फादर मोपेडवरून आले, भिजलेले. कसाऱ्याच्या घाटात दरड कोसळून गाड्या आणि तारा बंद होत्या, म्हणून मुंबईचा निरोप उशिरा पोचला. सिस्टर पिलार गेल्या. फादरांनी वार सांगितला तेव्हा वत्सलाबाईंनी दोनदा बोटांवर दिवस मोजले.

शाळा सुटल्यावर मी रांजणाशी एकटी उभी राहिले. म्हटलं, "शिष्टर, पहिली पाणी झाली. तुम्ही शब्द पाळला. आता जाते म्हणालात तरी चालेल." शनिवारी सकाळी रांजण रिकामा होता. तो मी भरला.

त्र्याऐंशीत दगडी इमारत उभी राहिली. दगड चिमाजीरावांच्याच ट्रकमधून आला. वत्सलाबाईंनी पुढे पहिली पाणी एक दिवस चुकवली नाही, आणि नावही तसंच ठेवलं. सरकारी साहेब तपासणीला आले तेव्हा म्हणाले, "बाई, हे व्याकरण चुकतंय." वत्सलाबाई म्हणाल्या, "हो साहेब. तेवढं एक आमच्या शाळेत चुकतं."

एकोणनव्वदला मी काम सोडलं. मुलांनी हार घातला, तो टाकळीच्या शेवंतीचा. लता तेव्हा त्याच शाळेत शिकवत होती. फाटकाशी भागीबाई रडत होती. मी काय म्हणावं, याचा थोडा वेळ विचार केला. शब्द म्हणजे शब्द. मग रांजणाकडे बघून म्हटलं, "येते."

"या," भागीबाई म्हणाली.

सिस्टर पिलार सोमवार, तेरा जुलै एकोणीसशे एक्क्याऐंशी रोजी मुंबईत वारल्या आणि मंगळवारी त्यांना तिथेच मातीत ठेवलं. रांजण भरलेला सापडला तो बुधवारी.