दोन राफाएल

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर आदळली, आणि नाताळच्या देखाव्यातल्या गव्हाणीसाठी आणलेला पेंढ्याचा भारा दोघांच्या अंगावर सांडला.

"अगंबाई! सॉरी, सर… माझं लक्षच नव्हतं."

"असू द्या. गव्हाणीत जनावरं हवीच होती," प्यो हान्सोल म्हणाला. त्याच्या चष्म्यावर एक काडी लोंबकळत होती.

"मला जनावर म्हणालात?"

"स्वतःला म्हणालो, मॅडम. तुम्ही फार तर… मेंढरू."

मो यूरिमला हसू आवरेना. दक्षिण कोरियातल्या मोक्पो बंदरावरच्या त्या कॅथलिक शाळेत ती चित्रकला शिकवायची. तो विज्ञानाचा, मार्चमध्ये नवीन आलेला. आजवर दोघं हवापाण्यापलीकडे काही बोलले नव्हते, आणि आज बोलले ते हे! खिडकीबाहेर समुद्रावरून येणारा भुरभुरता बर्फ पडत होता. पेंढा गोळा करताना त्याची बोटं एकदा तिच्या बोटांना लागली, आणि दोघांनीही तसं काही झालंच नाही असं दाखवलं.

तो गेल्यावर तिनं मूठ उघडली. मुठीत नुकतीच उचललेली चिठ्ठी होती. तिच्यावर एकच शब्द होता — राफाएल.

नाताळच्या आधीचा आगमनकाळ लागला की शाळेतले सगळे शिक्षक अशा चिठ्ठ्या उचलायचे. ज्याचं नाव येईल त्याचा नाताळपर्यंत मानित्तो व्हायचं, म्हणजे गुप्त देवदूत. कुणाला कळू न देता त्याचे लाड करायचे. चिठ्ठीवर बाप्तिस्म्याचं नाव असायचं. यूरिम म्हणजे आग्नेस. आणि प्यो हान्सोल म्हणजे राफाएल. तिला गालांवर इतकं गरम वाटलं की ती जिन्यातच मिनिटभर थांबली.

दुसऱ्या दिवसापासून हान्सोलच्या टेबलावर संत्री येऊ लागली. जेजू बेटावरची छोटी, गोड संत्री, आणि प्रत्येकावर काळ्या शाईनं काढलेला चेहरा. एक झोपाळू, एक रुसलेलं, एक चष्मेवालं. शिक्षकांच्या खोलीत यूरिम वहीत डोकं घालून बसायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची.

"हे खाऊ कसं? हे माझ्याकडे बघतंय," हान्सोल म्हणायचा.

"मग डोळे मिटून खा."

"माझा देवदूत फार मस्करीखोर दिसतोय. तुम्हाला काय वाटतं, कोण असेल?"

"मला काय माहीत? पीटीचे सर असतील."

"त्यांची बोटं शाईनं काळी नसतात हो."

यूरिमनं हात टेबलाखाली घेतले. 

सगळं असं छान चाललं होतं, आणि त्यात एकच खडा होता. हान्सोलच्या शेजारच्या टेबलावर चू सर बसत. चू ग्वांगसिक, चिनी अक्षरं शिकवणारे. तिरसट, एकटे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले. फेब्रुवारीत निवृत्त व्हायचे होते, म्हणजे हा त्यांचा शाळेतला शेवटचा नाताळ. आयुष्यभर देवाशी फटकून वागलेला हा माणूस यंदा ईस्टरला मात्र बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला. यूरिम तिथे हजर होती. तिनं टाळ्याही वाजवल्या होत्या. पाद्रीबाबांनी त्यांच्या कपाळावर पाणी ओतत नाव उच्चारलं होतं… राफाएल.

हे तिला आठवलं ते तिसऱ्या की चौथ्या संत्र्याच्या वेळी. चू सरांचं टेबल रिकामं होतं. बाकी सगळ्यांच्या टेबलांवर काही ना काही होतं, भाजलेलं रताळं, लोकरीचे मोजे, युजा या लिंबासारख्या फळाच्या चहाची बाटली. फक्त तिथे नाही. चिठ्ठ्या लिहिणाऱ्या सिस्टर युलियांना एका शब्दानं विचारलं असतं तर उलगडा झाला असता. पण विचारलं, आणि ती चिठ्ठी चू सरांची निघाली तर? तिनं विचारलं नाही. स्वतःची समजूत घातली की त्यांचा देवदूत आळशी असेल. त्या दिवशीचं संत्रं तिनं जरा जास्तच मन लावून रंगवलं.

वर्षअखेरीची सभा नाताळच्या सुट्टीआधी प्रार्थनागृहात झाली. प्रत्येकानं उभं राहून वर्षाबद्दल दोन शब्द बोलायचे, नाताळच्या शुभेच्छा द्यायच्या आणि आपण कुणाचे देवदूत ते सांगायचं. हशा, टाळ्या, मिठ्या. मग चू सर उठले.

"या शाळेत आयुष्य गेलं. मुलं मला घाबरायची, मला वाटायचं मान देतात. यंदा कळलं फरक काय तो," ते घसा खाकरून म्हणाले. "आणि देवदूताचं म्हणाल तर… मला माझीच चिठ्ठी आली. राफाएल. नवा कॅथलिक ना मी, वाटलं देवाचीच इच्छा असेल. मग रोज येताना स्वतःसाठी एक गरम बन घ्यायचो. वाईट नव्हता माझा देवदूत. सर्वांना नाताळच्या शुभेच्छा."

सगळे खो खो हसले. चू सरही हसले, पण लगेच खाली बसले आणि चष्मा पुसू लागले.

"अहो, स्वतःचं नाव आलं तर परत टाकायची चिठ्ठी!" पीटीचे सर ओरडले.

"आणि ती त्यांची कशावरून?" सिस्टर युलिया गोंधळल्या. "दोन राफाएल आहेत. मी दोन्हींवर नुसतं राफाएल लिहिलं. माझीच चूक. दुसरी कुणाला आली?"

यूरिमचे कान तापले. आता नुसतं म्हणायचं होतं, मला आली, मला वाटलं प्यो सर. कुणी बोट ठेवलं नसतं. चूक सिस्टरांनी पदरात घेतलीच होती. ती उभी राहिली आणि समोर हान्सोलचा चेहरा दिसला, हसरा, उत्सुक. खरं बोललं तर तो चेहरा बदलणार होता.

"मला आली," ती म्हणाली. "पण… चूक नाही झाली. चू सरांचं नाव राफाएल आहे हे मला आठवलं होतं. त्यांचं टेबल रिकामं आहे हेही दिसत होतं. मी विचारलं नाही, कारण… कारण मला प्यो सरच हवे होते. मला माझी फार लाज वाटते. चू सर, मला माफ करा."

कुणी हसलं नाही. मुंडी खाली घालून ती उभीच राहिली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटत होतं.

"बसा, मॅडम. माझ्यासारख्याच्या टेबलावर संत्रं ठेवायला कुणाला सुचलं असतं?" चू सर म्हणाले, तेही अगदी मऊ आवाजात. त्या मऊपणानं ती जास्तच मेली.

बाहेर पडताना हान्सोलनं तिला फाटकाशी गाठलं. बर्फ आता दाट पडत होता.

"मॅडम, थांबा तरी."

"नको. मला तोंड दाखवायला जागा नाही."

"मग मला तरी कुठे आहे? त्यांचं टेबल माझ्या शेजारी. तुमच्यापेक्षा मला जवळून दिसत होतं. एक संत्रं उचलून तिकडे ठेवता आलं असतं की." तो थांबला. "ठेवलं नाही. तुमचं एकही संत्रं कुणाला द्यायला मन होईना."

ती त्याच्याकडे वळली.

"म्हणजे आपण दोघंही…"

"नालायक. चला, आधी त्यांना गाठू."

चू सर बसथांब्यावर एकटे उभे होते. दोघं लहान मुलांसारखी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये मिस्साच्या प्रार्थनेला आमच्याबरोबर बसाल का, नंतर जेवायलाही याल का, असं त्यांनी विचारलं. चू सरांनी दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"दया म्हणून बोलावताय?"

"नाही," यूरिम म्हणाली. "लाज वाटते म्हणून."

"मग येतो."

नाताळच्या सकाळी ते नेमके दोघांच्या मध्ये बसले, आणि मिस्सा सुरू झाल्यावरही जागचे हलले नाहीत. मग उभं राहून, शेजाऱ्याकडे वळून 'शांती लाभो' म्हणण्याची वेळ आली. यूरिम त्यांच्याकडे वळून कमरेत वाकली आणि तशीच राहिली. मान वर होईना.

"झालं, पोहोचली माफी," चू सर कुजबुजले. "आता मान वर करा. पलीकडचा कधीचा ताटकळलाय." आणि ते एक पाऊल मागे सरले.

हान्सोल समोर होता. त्याचे कान तिच्याइतकेच लाल होते.

"शांती लाभो, आग्नेस."

"शांती लाभो… राफाएल."

"ते सभेत म्हणालात ना, मीच हवा होतो म्हणून… आता?"

लाज अजून गेली नव्हती. इतक्यात जाणारही नव्हती. तरी तिनं नजर हटवली नाही.

"आताही," ती म्हणाली.