सॉरल घाटाच्या माथ्यावरची पाटी

"...गस अजून घाटात ब्रेक लावतो म्हणतात. आणि तो आवाज ज्याच्या कानावर पडला ना, तो खाली पोचेपर्यंत..."

माथ्यावरच्या खाणावळीत लेलंडने एवढंच ऐकलं. मागच्या टेबलावरच्या बर्टने त्याला बघितलं आणि पुढचं वाक्य सुपाबरोबर गिळून टाकलं.

"पोचेपर्यंत काय, बर्ट?"

"काही नाही रे. तू आत्ताच उतरणार ना? जेव गपचूप."

"हिवाळाभर एका खोलीत तुझं घोरणं ऐकलंय मी. गस काय घाबरवणार मला!"

सगळे हसले. बर्ट हसला नाही.

पोरांनो, ही काही उडती बातमी नाही. लेलंड माझ्या जुन्या ओळखीचा, आणि घाटाखालचं पहिलं घर व्हर्नाबाईंचं, दुसरं माझं. दुसऱ्यांच्या खिडक्यांकडे बघत बसायची मला खोड आहे, ती आता या वयात कुठे लपवू? तारीख गेल्या वर्षीची चौदा नोव्हेंबर. वेळ रात्री पावणेनऊ. रस्ता कोरडा, आभाळ स्वच्छ, थंडी कान कापणारी.

तुम्ही नुकते ट्रकवर चढलात, म्हणून सांगतो. लांब उतारावर पायाचा ब्रेक दाबत बसलात तर तो तापतो, जळतो आणि शेवटी कामातून जातो. तिथे इंजिन ब्रेक हवा. बटण लावलं की इंजिनच गाडीला मागे धरून ठेवतं. फक्त बर्फावर तो लावायचा नाही, चाकं अडकतात आणि गाडी आडवी होते. आणि आवाज? डोंगर फोडल्यासारखा.

चार वर्षांपूर्वी व्हर्नाबाईंचे यजमान, रॉय, शेवटच्या आजारात होते. त्या आवाजाने त्यांचा डोळा लागेना. बाईंनी दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. माझीही आहे त्यात. रस्तेवाल्यांनी पाटी लावली: 'इंजिन ब्रेक बंद'. पण गावाजवळ लावायची ती लावली थेट घाटाच्या माथ्यावर, तीन मैल वर. कोणी कुरकुर केली नाही. रॉयसाठी सगळे वरच बटण बंद करायचे. रॉय गेले, तरी पाटी राहिली, सवयही राहिली. तीन वर्षांपूर्वी याच तारखेला, याच सवयीने, गस पायाचा ब्रेक दाबत उतरला. खालच्या वळणावर ट्रक ओढ्यात गेला, आणि गसही त्यातच गेला.

तेव्हापासून चौदा नोव्हेंबरला व्हर्नाबाईंच्या स्वयंपाकघरातला दिवा रात्रभर जळतो.

लेलंडला गवताचे गठ्ठे खालच्या गोठ्यावर पोचवायचे होते. त्याचा स्वतःचा ट्रक ओडेल मिस्त्रीकडे दुरुस्तीला, म्हणून चुलतभावाचा जुना ट्रक घेतलेला. माथ्यावर थांबून त्याने टायर बघितले, पायाचा ब्रेक बघितला, गठ्ठ्यांचे पट्टे ओढून बघितले. इंजिन ब्रेक बघितला नाही. वापरायचाच नाही, तर बघायचा कशाला? इथे सगळे असंच करतात.

पाटी मागे पडली. उतार सुरू झाला.

पहिला मैल बरा गेला. दुसऱ्या मैलात वास आला. करपलेला. लेलंडने पाय दाबला. दाबत गेला. पाय खाली टेकला, तरी गाडी धरेना. गियर खाली टाकायला गेला, तो पडेना. काटा पन्नासवर. पंचावन्नवर.

"गेली पाटी खड्ड्यात!" म्हणत त्याने इंजिन ब्रेकचं बटण वर केलं.

काही नाही.

खाली. परत वर.

काहीच नाही...

खाली व्हर्नाबाईंचा दिवा दिसला. त्याच्या अलीकडे वळण. गसचं वळण. साठ.

आणि आवाज आला.

आधी पाठीमागून. मग पायाखालून. घडघड... घडघड... दात वाजायला लागले. कप खणखणला. गाडी मागे ओढली गेली. कोणीतरी पदर धरावा तशी. पन्नास. चाळीस. आरशात बघितलं. मागे दिवे नाहीत. कोणी नाही.

वीस.

वळण आलं. वळण गेलं.

पुढे पूल. आणि एकदम... आवाज थांबला.

लेलंडने घाबरून बटण खालीवर केलं. पुन्हा केलं. शांत. नुसती शांतता. मग चाकांखाली कुरकुर झाली, आणि ओढ्याच्या दमटपणाने पुलावर धरलेला पातळ बर्फ दिव्यात चमकला. त्याने हात बटणावरून उचलला. गाडी आपल्या आपण, सरळ, पूल ओलांडून गेली.

व्हर्नाबाई अंगणात उभ्या होत्या. खांद्यावर रॉयचा कोट.

"लेलंड? अरे, तू आहेस होय! चेहरा बघ कसा झालाय, पिठासारखा."

"बाई, माफ करा. एवढा आवाज... गाव उठलं असेल."

"कसला आवाज?"

"ब्रेकचा."

बाईंनी कोट अंगाशी ओढून घेतला. "मी संध्याकाळपासून इथेच आहे रे. तुझे दिवे सावकाश उतरताना बघितले. आवाज... नाही आला."

मीही खिडकीत होतो, पोरांनो. मलाही नाही आला.

सकाळी लेलंडने बर्टला गाठलं. "कालचं वाक्य पुरं कर."

बर्टने टोपी हातात घेतली. "खाली पोचेपर्यंत जिवंत राहत नाही... असं म्हणतात."

"अर्धं खरं आहे," लेलंड म्हणाला. "आवाज येतो."

त्याच आठवड्यात व्हर्नाबाई पुन्हा दारोदार फिरल्या. आता पाटी पुलापाशी आहे. माथ्यावर नुसता खांब उरलाय.

पण त्या सकाळचं सांगायचं राहिलं. ओडेलने त्या चुलतभावाच्या ट्रकचं तोंड उघडलं, आत वाकला आणि विचारलं, "काल इंजिन ब्रेकवर उतरलास म्हणतोस?"

"मैलभर."

ओडेलने दोन बोटांत धरून एक तार बाहेर काढली. बटणाकडून येणारी, इंजिन ब्रेकची. उंदरांनी मधोमध कुरतडलेली. दोन्ही टोकांवर हिरवा गंज. वर उन्हाळ्यातली धूळ, बोटसुद्धा न लागलेली.

ओडेलने टोपी काढली. तार होती तशी, हलकेच, परत आत ठेवली.