खेकडे का वाचले?

अकराच्या अकरा तारामासे मेले होते.

मत्स्यालयाच्या पहिल्याच दालनात ती उथळ टाकी होती, मुलांनी पाण्यात हात घालून जीव हाताळून पाहायची. डॉक्टरबाईंनी एक तारामासा उचलला. एरवी कडक असणाऱ्या त्याच्या भुजा लोंबत होत्या आणि अंग पाण्याने फुगलं होतं.

"विषप्रयोग," मागून साहेब म्हणाले. "काकांनी कबूलही केलंय."

टाकीची देखभाल करणारे काका भिंतीला टेकून उभे होते. बावीस वर्षं याच टाकीवर काढलेला माणूस, पण आज खाली मान घालून होता.

"काका, काल काय केलंत तुम्ही?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"फरशी पुसली. फिनेलने."

"आणि टाकीत पाणी?"

"त्याच बादलीने घातलं. धुतली होती हो मी ती. पण नीट धुतली नसणार. दुसरं काय झालं असेल?"

हे ऐकून डॉक्टरबाईंना हायसं वाटलं आणि लगेच त्याची लाजही वाटली. इथल्या जिवांची तब्येत ही त्यांची जबाबदारी. आठवडाभर तारामासे मरगळलेले दिसत होते, ते त्यांनी उकाड्यावर ढकललं होतं.

"पाण्याचा खारटपणा?" साहेबांनी विचारलं.

"पस्तीस, समुद्राइतकाच. रोज मी स्वतः बघते." त्यांनी खिशातून खारटपणा मोजायची नळी काढली, काचेवर टाकीतल्या पाण्याचा थेंब टाकला आणि उजेडाकडे धरून पाहिलं. काटा चौतिसावर होता. "ही नवी नळी रोज थोडी उतरते," असं म्हणत त्यांनी वरचा स्क्रू फिरवून काटा पस्तिसावर आणला.

"मग प्रश्नच मिटला. दुपारी काकांना कामावरून कमी करायचं पत्र काढतो."

"मला एक तास द्या, साहेब."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते निघून गेले.

डॉक्टरबाईंनी ओंजळीत पाणी घेऊन हुंगलं. फिनेलचा वास नव्हता. दगडावरून एक खेकडा नांगी उगारून त्यांच्यावरच चालून आला. त्यांनी हात मागे घेतला.

"बघा, याचा माज काही उतरला नाही," काका म्हणाले. "चिवट जात."

"फिनेलपुढे नाही, काका. पाण्यात फिनेल पडलं असतं तर आधी हा उलथा पडला असता. आणि शिंपले?"

"सगळे घट्ट मिटलेत. उघडतच नाहीत."

"मासे?"

"धापा टाकतायत, पण जिवंत आहेत."

डॉक्टरबाई थबकल्या. मेले ते फक्त तारामासे. फुगून मेले. बाकीच्यांनी आपापला बंदोबस्त केला होता. हे विषाचं काम नव्हतं, पाणी अळणी झाल्याचं होतं. पण नळी तर पस्तीस दाखवत होती.

"काका, टाकीत रोज किती पाणी घालता?"

"आधी एक बादली गोडं पाणी. गेले पंधरा दिवस तीन लागतात." काका चाचरले. "तुम्हाला म्हटलं होतं मी."

"मी काय म्हणाले?"

"उन्हाळा आहे, वाफ जास्त होते, घाला म्हणालात."

डॉक्टरबाई पदर खोचून टाकीखाली शिरल्या. पाइपच्या सांध्यावर पांढरा थर साचला होता आणि तिथून बारीक धार मुकाट मोरीत जात होती. त्यांनी थर जिभेला लावला. मीठ.

मग त्या धडपडत आपल्या खोलीत गेल्या. कपाटातल्या शुद्ध पाण्याच्या बाटलीचं सील अजून तसंच होतं. नळी आली त्या दिवशीच ते फोडायला हवं होतं. बिनमिठाच्या पाण्यावर काटा शून्यावर आणायचा, मगच टाकीचं पाणी मोजायचं, हा शिरस्ता. त्यांनी तो पाळला नव्हता. टाकी वर्षानुवर्षं पस्तिसावर होती, तेव्हा टाकीवरूनच नळी लावली. रोज काटा खाली यायचा, रोज त्या स्क्रू फिरवायच्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्यांनी सील फोडलं. थेंब टाकला. काटा तेरावर थांबला.

त्या खुर्चीत बसल्या. स्क्रू उलटा फिरवून शून्यावर आणायला पाच सेकंद पुरले असते. दार बंद होतं. काकांनी तर गुन्हा अंगावर घेतलाच होता. डॉक्टरबाईंचा अंगठा स्क्रूवर गेला. बराच वेळ तो तिथेच होता.

साहेबांच्या खोलीत पत्र टाइप होऊन पडलं होतं. काका दाराशी उभे होते.

"सापडला गुन्हेगार?" साहेबांनी विचारलं.

"सापडला. आधी एक सांगा. वाफ होते तेव्हा मीठ कुठे जातं?"

"कुठे जाणार? मागेच राहतं."

"म्हणून वाफेची तूट गोड्या पाण्याने भरतात. पण टाकी गळत होती. गळतीत मीठही जातं. त्या जागी रोज गोडं पाणी पडलं आणि समुद्राचं पाणी पातळ होत गेलं. खेकडा कल्ल्यांनी पाण्यातलं मीठ ओढून घेतो आणि जादा पाणी बाहेर टाकतो, म्हणून तो तगला. माशांचं रक्त मुळातच समुद्रापेक्षा अळणी, त्यांनी पाणी पिणं कमी केलं आणि निभावून नेलं. शिंपल्यांनी दारं लावून घेतली. तारामाशाला यातलं काहीच जमत नाही. बाहेर जसं पाणी, तसंच त्याच्या आत. पाणी शिरत गेलं आणि तो फुगून मेला."

"पण काटा पस्तीस होता ना?"

त्यांनी नळी साहेबांपुढे धरली. "हे शुद्ध पाणी आहे. वाचा."

"तेरा?" साहेबांचा आवाज चढला. "म्हणजे टाकी प्रत्यक्षात बाविसावर? ही नळी बिघडवली कोणी?"

"नळी खरं बोलत होती. मी रोज तिचा कान पिळत होते. पाणी जास्त लागतंय हे काकांनी सांगितलंही होतं, तेही मी उडवून लावलं. काकांचा काही दोष नाही, साहेब. मारले ते मी."

साहेबांनी पत्र फाडलं. डॉक्टरबाईंबद्दल काय करायचं ते उद्या बोलू, एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

बाहेरच्या बोळात काका त्यांच्या मागोमाग आले. मग म्हणाले, "बाई, मी सांगितलं होतं हो तुम्हाला."

"हो काका. सांगितलं होतंत."

"नात रोज फोन करून तारामाशांची चौकशी करते. सकाळी तिला सांगून बसलो, आजोबांच्या हातून मेले म्हणून. रडून रडून फोन ठेवला पोरीने."

"आत्ता घरी असेल?"

"दुपारची शाळा आहे तिची, असेल अजून घरी."

"लावा फोन. मला द्या."

काकांनी नंबर लावून फोन पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो कानाला लावला.

"आजोबा?" पलीकडून आवाज आला.

"नाही बाळा. मी इथली डॉक्टर बोलतेय. आजोबांनी नाही मारले तुझे तारामासे," त्या म्हणाल्या. "ते कोणी मारले, ते मी तुला सांगते."