शेवंतीच्या मळ्यातले चार डबे

"काय हाय हे? फुटन-बिटन तर नाही ना?"

ईशानने वर पाहिलं. अकोल्याहून अमरावतीला निघालेल्या एसटीत शेजारच्या सीटवर एक मुलगी शेवंतीची टोपली मांडीवर घेऊन बसली होती. नजर मात्र त्याच्या मांडीवरच्या, वायरी लोंबणाऱ्या डब्यावर.

"फुटत नाही... मरतं," तो कसनुसं हसला. "दर चौथ्या दिवशी बॅटरी संपते."

मग मूर्तिजापूर येईपर्यंत त्याने सगळं सांगून टाकलं. डबा मातीतली ओल मोजतो. आतला मायक्रोकंट्रोलर, म्हणजे डब्याचा मेंदू, तासातून एकदा उठतो, आकडा मोबाईलवर धाडतो आणि झोपी जातो. कुणी हात न लावता डबे शेतात महिनाभर चालले पाहिजेत, नाहीतर प्रकल्प बंद, असं त्याच्या सरांनी बजावलं होतं.

"झोपतो म्हणता, पण झोपीतबी खाऊनच राहिला ना थो," ती म्हणाली. "झोपवता कायले? लाइनच तोडा त्याची."

"मग परत उठवणार कोण?"

"बाहेरून दुसरी चिप लावा. तासाले लाइन द्याची, काम झालं की काढून घ्याची, एवढंच तिचं काम. मुंगीएवढं खाते थे."

ईशान बघतच राहिला. तिचं नाव रागिणी. बार्शीटाकळीजवळ वडिलांचा शेवंतीचा मळा, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, आणि गावातल्या मोटरींचे स्टार्टर तीच दुरुस्त करायची. निघाली होती मावशीकडे, पूजेची फुलं घेऊन.

"तुमचा नंबर... मिळेल?"

"कायले?"

"चिपसाठी."

"चिपले कायले पाह्यजे माहा नंबर?" तिने डोळे मोठे केले. पण उतरताना नंबर दिला.

आठ दिवसांनी तो चार डबे आणि चार नव्या चिपा घेऊन तिच्या मळ्यात हजर झाला. शेषरावांनी, तिच्या वडिलांनी, एक वाफा दिला. ईशानने पहिला डबा सुरू केला. दिवा लुकलुकला... आणि गेला. पुन्हा तेच. पुन्हा तेच. त्याला घाम फुटला.

रागिणी फुलं तोडायची सोडून आली. मल्टीमीटरच्या सुया टेकवत, खालचा ओठ दाताखाली धरून ती एकेक तार तपासू लागली. तिच्या कोपराला शेवंतीची एक पाकळी चिकटली होती. ईशानचं लक्ष डब्यावर राहिलंच नाही.

"हे पाहा," ती एकदम म्हणाली. "'काम झालं' असं सांगणारी तार हाय ना, मायक्रोकंट्रोलर पुरा जागा होईस्तोवर थे अधांतरी राह्यते. चिपले वाटते, झालं काम! अन् थे लाइन तोडते. एक रेझिस्टर लावून तार ग्राउंडले बांधा."

तिने स्वतःच रेझिस्टर बसवून सोल्डरचा डाग दिला. दिवा लागला, आकडा आला, मग दिवा शांतपणे विझला. बरोबर तासाभराने पुन्हा लागला.

"तुम्ही... कमाल आहात," तो म्हणाला.

"डब्याकडे पाहा," ती म्हणाली. पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

डबे इतके छान चालले की ईशानची पंचाईत झाली. बिघाडच नाही, तर बार्शीटाकळीला जायचं कोणत्या तोंडाने? तो फोन करायचा.

"डबे ठीक आहेत?"

"ठीक हायेत. आकडे तर तुमालेबी येऊन राहिले ना?"

"हो... येतात."

"मंग फोन कायले केला?"

मग तो शेवंतीचा भाव विचारायचा, आणि तीही फोन ठेवत नसे.

एकतिसाव्या दिवशीही चारही डबे जिवंत होते. सरांनी पाठ थोपटली, तेव्हा ईशान सर्वांसमोर म्हणाला, "युक्ती माझी नाही, रागिणीची आहे." अहवालावर तिचं नाव त्याने स्वतःच्या नावाच्या आधी घातलं आणि तो अहवाल घेऊनच डबे काढायला आला.

तिने नाव वाचलं. बोट त्यावरून हलकेच फिरवलं.

"आता कोन्त्या बहाण्यानं येसान?" ती खाली मान घालून म्हणाली. "रविवारी मले पाहाले पाव्हणे येणार होते."

ईशानने हातातला डबा खाली ठेवला. "रागिणी, मी... बहाणा नाही शोधत आता. मला तुम्ही आवडता. त्या एसटीत बसल्यापासून. पाहुणे यायच्या आत हे सांगायलाच हवं होतं..."

तिने अहवालाची नीट घडी घातली.

"येणार होते, म्हटलं मी," मग ती हळूच म्हणाली. "परवाच नाही म्हणून टाकलं मी बाबाले. तुमच्याकरता नाही, माह्याकरता. मले आंधी इंजिनिअरिंग पुरं कराचं हाय. तीन वर्षं... थांबसान?"

"थांबेन."

"काहून?"

"तुमच्यासारखं दुसरं कुणी मी पाहिलं नाही, म्हणून."

आता मात्र ती हसली. बांधावरून शेषराव येताना दिसले. तिने रिकामी टोपली त्याच्या हातात कोंबली.

"मंग असे उभे राहू नका, फुलं तोडू लागा. बाबा इथलोक येईस्तोवर काय सांगाचं थे ठरवू."