न निघालेला स्क्रू

सुट्टीचा सहावा दिवस होता आणि ठिणगी सलग पाचव्या दिवशी चिडलेली होती. पहिला दिवस आजोळी येण्याच्या प्रवासात गेला, नाहीतर सहा झाले असते.

कारण मावशी. मावशी जनावरांची डॉक्टर. रोज मोटारसायकलवरून दहा-बारा गोठे पालथे घालायची. सुट्टी लागायच्या आदल्याच आठवड्यात उतारावर पुढचा ब्रेक लागला नाही आणि मावशी गाडीसकट एका कुंपणात शिरली. उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. गॅरेजवाले मिस्त्री गाडी बघून म्हणाले, "ब्रेकचं तेल मीच महिन्यापूर्वी बदललंय. गाडी ठणठणीत आहे. बाईंचाच हात चुकला."

आजोबांनी लगेच मान डोलावली. आज चार वाजता मिस्त्री ती गाडी विकायला नेणार होते आणि यापुढे मावशीने बसने जायचं, असं ठरलं होतं. ठरवताना मावशीला कुणी विचारलं नव्हतं.

"मलाही आता वाटायला लागलंय, चूक माझीच असेल," मावशी म्हणाली.

हे ऐकून ठिणगी तडक अंगणात गेली आणि तिने गाडीच्या सीटवर बुक्की मारली. सीट मऊ निघाली. त्याचाही तिला राग आला. मग ती हँडलकडे रोखून बघत राहिली. तिथे ब्रेकच्या तेलाची छोटी डबी होती, तिच्या झाकणाला दोन स्क्रू. एक धड होता. दुसऱ्याच्या डोक्यावर पेचकस अडकवायच्या फुलीच्या जागी नुसता खळगा उरला होता.

"मिस्त्रींनी उघडताना झिजला असेल," मावसभाऊ म्हणाला. त्याला सगळे वकील म्हणत, कारण तो कायम समोरच्याची बाजू घेई.

"उघडला, तर परत घट्ट कसा बसवला? यात आता काही अडकतच नाही."

वकिलाने खळग्यात नख फिरवून पाहिलं आणि तिचं म्हणणं मान्य केलं. सुट्टीत असं पहिल्यांदाच घडत होतं.

"म्हणजे झाकण उघडलंच नाही," ठिणगी दात-ओठ खात म्हणाली, "आणि तेल बदललंच नाही."

"मी आजोबांना सांगते," धाकटी बहीण पळत निघाली. ती कायम कुणाच्या तरी मागे असे, म्हणून तिचं नाव शेपटी. ठिणगीने तिचा फ्रॉक धरून तिला थांबवलं.

"मिस्त्री म्हणतील, स्क्रू तुम्हीच बिघडवलात. उघडायचं ते त्यांच्यासमोर."

तिघांनी मावशीला गाठलं. मावशीने सगळं ऐकलं आणि ती खुर्चीत ताठ बसली.

"स्क्रूवर रबराचा तुकडा ठेव आणि वरून पेचकस दाब, पकड येते. नाहीच आली, तर छिन्नीने कडेला खाच पाड. मग छिन्नी तिरकी धरून उलट्या दिशेने ठोक. हळू. आणि खाली फडकं गुंडाळ, ते तेल रंग खातं."

चार वाजता मिस्त्री आले. त्यांच्या खिशात त्यांचा एकुलता एक पेचकस होता. त्याने ते डबे उघडत, रंग ढवळत, पाठ खाजवत आणि वेळ उरला तर स्क्रूही फिरवत. त्याचं टोक साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत झालं होतं.

"काका," वकिलाने अतिशय आदराने विचारलं, "तेल बदललंत तेव्हा हे झाकण सहज निघालं होतं?"

"दोन मिनिटांचं काम," मिस्त्री म्हणाले. आजोबांनी मान डोलावली.

"मग आम्ही एकदा बघतो," ठिणगी म्हणाली.

"पोरांनो, हे खेळणं नाही," आजोबा ओरडले.

"बघू दे त्यांना. गाडी अजून माझी आहे," मावशी दारातून म्हणाली.

धड स्क्रू निमूट निघाला. दुसऱ्यावर रबर ठेवलं, ते फाटलं. ठिणगीने छिन्नी घेतली. टक. टक. तिसरा ठोका अंगठ्यावर बसला. ती ओरडली नाही. तो राग तिने चौथ्या ठोक्यासाठी राखून ठेवला.

स्क्रू केसभर फिरला.

"निघाला?" मिस्त्री डोळे विस्फारून पुढे वाकले. "मी दोन तास झटलो होतो, जाम हलला नाही!"

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी मागे वळून पाहिलं, जणू ते वाक्य दुसऱ्याच कुणीतरी उच्चारलं होतं. मागे फक्त शेपटी होती.

"नोंद झाली," वकील म्हणाला.

झाकण उघडलं. आत डबकं असावं तसं काळं, गढूळ तेल होतं. मावशी जवळ आली. "नवं तेल जवळजवळ पाण्यासारखं दिसतं. जुनं ओल धरतं, मग उतारावर तापलं की ब्रेक लागत नाही. मी ब्रेक दाबला होता, बाबा. बरोबर दाबला होता."

मिस्त्री पुटपुटले, "म्हटलं, पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी ती कुंपणात होती," ठिणगी म्हणाली.

आजोबांनी मिस्त्रींना रिकाम्या हाताने फाटकाबाहेर घालवलं. मग त्यांनी ठिणगीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास. तुम्ही तिघांनी तर कमाल केलीत."

"शाबासकी नंतर," ठिणगी सुजलेला अंगठा मुठीत धरून म्हणाली. "आधी मावशीशी बोला. मिस्त्रींचं ऐकताना जेवढ्या जोरात मान हलवलीत, तेवढ्या जोरात."

आजोबांनी मिस्त्रींना द्यायला आणलेली गाडीची किल्ली सीटवर ठेवली. मग ते मावशीकडे वळले आणि शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक तुझी नव्हती. माझी होती. मी तुला विचारलंच नाही."

मावशीने डाव्या हाताने गाडीची किल्ली त्यांच्यापुढून उचलली आणि खिशात टाकली.