सुट्टीचे चार ठोके

जव्हारच्या बाहेर, जामसरच्या रस्त्याला लागून रंजनाबाईंचं दगडी घर आहे. त्या घराला धुरांडं आहे, आणि या भागात ते नवलच, कारण इकडच्या घरांचा धूर कौलांतून आपली वाट आपणच काढतो. दसरा उलटल्यावर एका सकाळी साखरशेतची सखी चुन्याची गोणी खाली ठेवून त्या धुरांड्याकडे बघत उभी राहिली. वरचे सहा थर पावसानं खाल्ले होते. बोट लावलं की विटांचा भुगा होत होता.

भिवंडीत सखीनं नऊ वर्षं घमेली वाहिली होती. गवंडी थर कसा लावतो, ओळंबा कसा सोडतो, हे तिनं डोक्यावर ओझं असतानाच शिकून घेतलं. यंदा पहिल्यांदा थापी तिच्या हातात होती आणि तिचा नवरा अनंता तिच्या हाताखाली बिगारी. गावानं चेष्टा करायची ती केलीच. अनंताही त्यांच्याबरोबर हसला. हे काम साधलं तर रंजनाबाईंच्या शब्दावर मोखाड्याकडच्या एका आश्रमशाळेचं स्वयंपाकघर बांधायला मिळणार होतं, आणि सखी-अनंताची पोरगी योगिता त्याच शाळेत शिकत होती. फसलं तर दिवाळीनंतर पुन्हा भिवंडी, आणि पोरगी पुन्हा आठ महिने आईबापाविना.

रंजनाबाई निवृत्त शिक्षिका. लपवाछपवी त्यांना जमायची नाही.

"सखी, तुझ्याआधी दोघं सोडून गेले. त्यातल्या हरेशनं वरून सिमेंट थापलं, आत पाणी कोंडलं नि विटा सडल्या. पळताना म्हणाला, खालून कोणीतरी ठोकतं."

"खालून?"

"माझ्या आजेसासूंच्या वेळची गोष्ट. गवंडी वर, त्याची बायको लाडकी खाली चुलीपाशी. तिच्या अंगात ताप. यानं शेवटचा थर लावला नि बाहेरच्या बाहेर उतरून बाजाराला गेला. सकाळी ती चुलीपाशीच गेलेली सापडली… बादलीवर हात ठेवून बसलेली."

"सुट्टी नाय दिली त्यानं," सखी हळूच म्हणाली.

उंच कामावर हाक पोचत नाही, म्हणून गवंडी विटेवर थापी मारतो. एक ठोका म्हणजे माल पाठव, दोन म्हणजे विटा, तीन म्हणजे थांब. चार ठोके म्हणजे सुट्टी. ते ऐकल्याशिवाय बिगारी जागा सोडत नाही. सखीनंही नऊ वर्षांत कधी सोडली नव्हती.

दोन दिवस काम झकास चाललं. धुरांडं आतून चांगलं ऐसपैस होतं. अनंता चुलीपाशी चुना कालवून बादली भरायचा, सखी ती दोरानं आतूनच वर ओढून घ्यायची. तिसऱ्या दिवशी दुपारी दोन थर उरले आणि चुना संपला.

"जव्हारातून घेऊन येतो," अनंता खालून ओरडला. "तू बस शांत."

तो गेला आणि धुकं उतरलं. आधी रस्ता दिसेनासा झाला, मग अंगण, मग परांचीचे खालचे बांबू. पश्चिमेला गडगडलं. परतीचा पाऊस. धुरांड्याचं तोंड उघडं राहिलं तर ओला चुना धुऊन जाणार, दोन दिवसांची मेहनत चुलीत पडणार. बाजूंनी धुराला फटी ठेवून बसवायची टोपीची फरशी परांचीवर तयार होती, पण दोन थर लागल्याशिवाय ती बसवायची कशावर? हाताला चाळा म्हणून सखीनं विटेवर थापी मारली. एकच ठोका.

दोर ताणला गेला.

तिनं ओढला. बादली जड होती. वर आली तेव्हा काठोकाठ भरलेली, माल लोण्यासारखा मऊ, आणि त्याला बेलफळाचा नि गुळाचा वास. जुने लोक चुन्यात बेलाचा गर घालत, हे तिनं फक्त ऐकलं होतं.

"अनंता… आलास का?"

खालून एक ठोका आला. माल पोचला का, असं विचारणारा.

सखीच्या अंगावर सरसरून काटा आला. ती खरंच घाबरली, आणि उतरायला एक पाय तिनं शिडीवर टाकलाही. मग तिला योगिताचं तोंड आठवलं, गेल्या साली एसटीच्या खिडकीतून मागं राहिलेलं. आणि आठवल्या भिवंडीतल्या तिच्याच दुपारी, तापानं फणफणत घमेलं धरून ठोक्याची वाट बघण्याच्या. तिनं पाय मागं घेतला.

"दे बाय…" ती धुरांड्यात वाकून म्हणाली. "आपण दोघी मिळून पुरं करू."

मग दोघींनी काम केलं. ठोका, बादली. ठोका, बादली. खालून बांगड्या वाजत होत्या, पण माणसाचा आवाज नव्हता. सखीचा हात एवढा सरळ कधी चालला नव्हता. शेवटची वीट लावून ती फरशीकडे वळणार, तोच खालून तीन ठोके आले. घाईचे, एकावर एक.

सखी जागीच थिजली. डावीकडची फळी, जिच्यावर ती पाऊल टाकणार होती, दोरातून सुटली आणि धुक्यात गेली. क्षणभरानं ती खाली आपटल्याचं ऐकू आलं.

उजवीकडून वळसा घालून तिनं फरशी बसवली आणि पावसाचा पहिला थेंब फरशीवरच पडला. जिंकली! ती मोठ्यानं हसली आणि भराभरा शिडी उतरायला लागली. अर्ध्यावर तिचे पाय थांबले. बाहेरच्या बाहेर… लाडकीचा नवराही असाच उतरला होता.

भिजत ती पुन्हा वर चढली. फरशीखालच्या विटेवर तिनं थापी मारली. एक. दोन. तीन. चार.

"झालं बाय. सुट्टी."

मग चुलीपाशी घमेलं पालथं घातल्याचा खणखणीत आवाज आला, काम सुटल्यावर बिगारी घालतो तसा.

अनंता गोणी घेऊन आला तो बघतच राहिला. "माल कुणी दिला?"

"बिगाऱ्यानं," सखी म्हणाली.

रंजनाबाईंनी चूल पेटवली. स्वयंपाकघरात धुराचा मागमूस नाही, सगळा धूर सरळ वर, पावसातून ताठ आभाळाकडे. बाई लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत अंगणात आल्या. "गवंडीणबाई!" त्या ओरडल्या, आणि तिथूनच आश्रमशाळेत फोन लावला. उद्यापासून काम सुरू. सखी पावसात उभी राहून ढसाढसा रडली, आणि त्या रडण्यात दुःख कणभरही नव्हतं.

दिवेलागणीला दोघं साखरशेतला पोचली. दाराला सकाळी लावलेलं कुलूप तसंच होतं. सारवलेल्या उंबऱ्यावर चुन्याचं एक पाऊल उठलं होतं, बाईमाणसाचं, बोटं घराच्या आत वळलेली.

अनंताच्या हातातून किल्ली पडली. सखीनं ती उचलून दार उघडलं. भिवंडीहून आल्यापासून कोपऱ्यात गंजत पडलेलं तिचं जुनं घमेलं कुणीतरी उद्याच्या कामासाठी घासूनपुसून पालथं घातलं होतं. त्याच्या कडेवरून अजून पाणी निथळत होतं.